खकाणा

निपाणीत आधी शिंक येते,
मग कळतं वारा सुटलाय.
अकोळ रस्त्याच्या वखारींवरून आला
तर माझ्या काउंटरवर दुपारपर्यंत बदामी साय धरते
आणि गिऱ्हाईकं तिच्यावर बोटानं हिशेब मांडतात.

चष्म्याचं दुकान या गावात
म्हातारपणावर चालत नाही, पुसण्यावर चालतं.
कोण धोतराच्या सोग्यानं, कोण टॉवेलनं.
सौंदलग्याचे सुभेदार दुर्बीण घेऊन आले,
तिला बुटाचा ब्रश मारलेला.
"चमकायला नको?" म्हणाले.
भिंगावरचा निळसर मुलामा,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
पार निघून गेलेला.
तवंदी घाटावरच्या घारी आता त्यांना
धुक्यातून दिसतात, भर चैत्रातसुद्धा.

अप्पाचीवाडीच्या यात्रेनंतर चार दिवस पिवळे चष्मे येतात.
भंडारा मऊ असतो,
त्यात मिसळलेली वाटेवरची धूळ मऊ नसते.
मी सांगतो : हात लावू नका.
आधी फुंकर, तीही रबरी फुग्याची,
तोंडातनं वाऱ्याबरोबर थुंकी येते.
मग नळाची बारीक धार,
साबणाचा एक थेंब, राख नको, शिकेकाई नको,
मग धुऊन वाळवलेलं मऊ कापड,
मधून काठाकडे,
झोपलेल्या पोराच्या ओठावरचं दूध पुसावं तसं.
दुर्बिणीला मात्र धार नाही,
थेंब कापडाला द्यायचा, भिंगाला नाही.

बाया "व्हय, व्हय" म्हणतात
आणि म्हणता म्हणता पदरानंच पुसतात.

मालन रेंदाळे वर्षात तिसऱ्यांदा आली.
काचा उन्हाला धरल्या :
गोल गोल बारीक रेघा, ग्रामोफोनची तबकडीच.
मी चिडलो.
पदरात काय असतं ठाऊक आहे?
पानाची शीर, काडी, आणि रानातली वाळू.
वाळू काचेला ऐकत नाही.
तुम्ही पुसत नाही, खरवडता.

ती स्टुलावर बसली. मी तक्ता लावला,
तीन पायांचं ते अक्षर, ज्याला कुठलीच भाषा नाही.
पाय कुणीकडं?
हिला वर-खाली, डावं-उजवं चालत नाही.
"कोल्लापूर," ती म्हणाली. "संकेश्वर.
चिकोडी. परत कोल्लापूर. ह्यो... मुरगूड."
सगळे बरोबर.
शेवटच्या ओळीत मात्र सगळी गावं एक झाली.

नंबर लिहीत होतो, तेव्हा आपणहून बोलली.
"तीस वर्सं चाळण मारतोय, मालक.
डोळ्यात खकाणा जातोयच की.
नवी पोरगी आली की चोळती, लालभडक करून घेती.
तिला सांगतो, चोळू नगं गं.
डोळा झाक, मान खाली घाल, हात मागं बांध.
पाणी यील. ते आपली वाट आपण काढतंय, कडंकडंनं.
पाण्याआधी हात न्हाई लावायचा."

माझ्या भिंतीवर हेच लिहिलेलं आहे,
वर मराठीत, खाली कन्नडमध्ये,
सहा ओळी, शुद्धलेखनाच्या दोन चुका.
ती दोन्ही वाचत नाही.

"मग काचेलाच का चोळता?"
तिनं जुना चष्मा उलटापालटा केला.
"काच कुठं रडती," म्हणाली.

नव्या काचा बसवून दिल्या.
नाकात घालायच्या औषधाची रिकामी बाटली होती,
तिच्यात उकळून गार केलेलं पाणी भरलं,
म्हटलं, हे घ्या, हिला रडवायला.
बाटलीचे पैसे घेतले नाहीत. काचांचे घेतले.
तिनं ती चंचीत ठेवली, चुन्याच्या डबीशेजारी.

पुढच्या बाजारच्या दिवशी आली.
बाटली रिकामी.
नाकावरच्या काचांवर
कोपऱ्यात एक ताजी रेघ, पदराएवढी रुंद.
"नवी पोरगी लई चोळत हुती ओ,
तिच्याच डोळ्यात घातलं सगळं."

मी काही बोललो नाही.
स्टोव्हवर पाणी ठेवलं,
आणि दुसरी बाटली शोधायला लागलो.