उंटावरून

अकरा वाजून वीस मिनिटांनी चौदावी रांग गेली.
आभाळ घासलेल्या पितळेसारखं,
धूळ नाही, ढगाचं नाव नाही,
काचा उन्हाकडे तोंड करून नीट उभ्या
आणि पडद्यावर शून्य.
ऊन होतं, वीज नव्हती.

इब्रीच्या या सपाटीवर मला चार वर्षं झाली,
असं कधी पाहिलं नव्हतं.
मुबीन पारकर मीटर घेऊन गेला,
एकेक पेटी उघडत राहिला,
मग फोनवर म्हणाला, "इथं सगळं ठीक आहे गो.
बिघाड इथला नाहीच."

नव्हताच.
चार-पाच हजार किलोमीटरवर कोणीतरी
चहाला उठता उठता
नवं सॉफ्टवेअर ढकललं होतं.
माफीची मेल आली. खाली लिहिलेलं,
आपल्या सेवेत सदैव.

मग बैठक.
बाहेरून आत यायचं दार ठेवायचं की बुजवायचं?
मी म्हटलं, बुजवा.
आमच्याकडे म्हणतात, उंटावरून शेळ्या हाकू नयेत.
इंग्रजीत ते वाटेतच अर्धं मेलं,
पण हिलाल अल-याकूबीने पेन खाली ठेवलं.
"माझ्या आजोबांनी हाकल्यात.
लांबचं दिसतं वरून.
फक्त शेळी काट्यात अडकली
की उतरावं लागतं."

"उतरणार कोण?" रोडेलने विचारलं.
"गुरुवारी संध्याकाळी बिघडलं
तर विमानाने माणूस येईस्तोवर रविवार.
ऊन काय थांबणार आहे?"
मला राग आला,
कारण खरं होतं.

म्हणून मी फलज काढला.
तुमच्या गावचं पाणी, म्हटलं,
काठीच्या सावलीवर मोजून वाटलेलं,
एवढी सावली याच्या बागेला, एवढी त्याच्या.
त्या काठीला परदेशातून कोण हात लावणार?
हिलाल हसला.
"एका रात्री कोणीतरी ती काठी सरकवली.
बोटभर.
एका बागेला रोज थोडं कमी, रोज थोडं कमी.
दोन उन्हाळ्यांनी खजुरी सुकायला लागल्या तेव्हा कळलं.
परदेशातून कोणी आलं नव्हतं."
नाव त्याने सांगितलं नाही.
त्यांच्यात अजून सांगत नसावेत.

रात्री देवरुखहून बाबांचा फोन.
आधी फणस, मग गुडघा, मग नुसताच श्वास.
मेसेज आला होता म्हणे:
आज साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल.
बिल भरलेलं. पावती ड्रॉवरमध्ये.
तरी त्यांनी त्या नंबरला फोन लावला.
पलीकडचा आवाज सभ्य होता, मराठी होता.
सांगितलं ते त्यांनी फोनमध्ये उतरवून घेतलं
आणि आलेले सहा आकडे
वर्गात हजेरी घ्यायचे तसे
एकेक करून मोठ्याने वाचले.

बेचाळीस हजार.

"तुला विचारणार होतो. म्हटलं, कामात असशील.
आणि अंधारात तुझी आई त्या जिन्यावरून..."

पाचशे मेगावॉटची राखण करणारी मी
त्यांना काय काय बोलले
ते इथे लिहीत नाही.

पहाटे उठून मसुदा उघडला.
'प्रवेश कायमचा बंद' खोडलं.
लिहिलं, दार राहील, पण कडी आतून.
बाहेरच्याने हाक मारायची,
इथल्या माणसाने खुर्चीतून उठायचं,
भिंतीवरचा खटका हाताने वर करायचा,
तो आत असेस्तोवर तिथेच उभं राहायचं.
हिलालने दोनदा वाचलं. "आणि शुक्रवारी?
शुक्रवारी कोण उभं राहणार?"
त्यावर आम्ही जेवणापर्यंत भांडलो.
मुबीन म्हणाला, मी राहतो, पण नमाज आटोपून.
रोडेलने जादा भत्त्याचं कलम मागितलं.
बाहेर चौदावी रांग भरात होती.

बाबांना मात्र एवढंच सांगितलंय,
कोणी घाई करायला लागलं
तर आधी उठून जिन्यावरचा दिवा लावून बघा.
लागला, की फोन ठेवून द्या.

बाबा थोडा वेळ गप्प होते.
मग म्हणाले, "आणि वीज खरंच गेलेली असली तर?
इथे काय, ती जातेच."