सोळाचं घर

दुपारी सव्वादोनला स्टुडिओचं शटर अर्धं ओढून
मी गच्चीवर जातो.
खाली याकूबमामू स्टुलावर, हात गुडघ्यांवर.
जिन्यातून ओरडतात : किती?
मी म्हणतो, सोळा.
म्हणजे कोरडं ठक्क. ये खाली, चहा निवायलाय.

एवढंच विचारतात.
आभाळ कसंय, हे कधीच नाही.

ऐंशीच्या ग्रहणात उदगीरच्या किल्ल्याच्या बुरजावरून
त्यांनी सूर्य बघितला कॅमेऱ्याच्या खिडकीतून,
काळी काच न लावता, नऊ सेकंद.
अजून नऊच म्हणतात,
कुठल्याशा पावतीवर लिहून ठेवल्यासारखं.
उजव्या डोळ्यात मधोमध ठिपका राहिला,
डावा पुढं साखरेनं नेला.
निगेटिव्हवर सूर्य काळाच असतो, मन्मथ,
माझ्याकडं त्याची निगेटिव्ह आहे,
प्रिंट काढायची राहिली.

मला शिकवलं ते असं :
सूर्याला माप लावू नको,
तो कुणाच्या बापाच्या मापात बसत नाही.
त्याच्या बाजूचं निळं बघ, नाहीतर ढगाची उजळ कड.
पण ढगावर मीटर धरलास की ते खोटं बोलतंय,
पांढऱ्याला राखेचा रंग देऊन मोकळं होतंय,
म्हणून दीड घर वर सरक.
दोन नको.
दोन घरं सरकलास की कड जळती,
अन् जळालेलं पांढरं माघारी येत नाही.
सावलीतून काहीतरी खरवडता येतं,
पांढऱ्याच्या तळाशी काहीच नसतं.

उन्हाला सोळा, धुरकटाला अकरा,
भरून आलं तर आठ, अंधारलं तर साडेपाच.
खडूची ती पाटी अजून डार्करूमच्या दारावर आहे.
आत लग्नाच्या अल्बमांचे रिकामे खोके
आणि एक बंद पडलेला कूलर.

माझा कॅमेरा हे सगळं स्वतःच ठरवतो.
मामूंना मी ते सांगितलेलं नाही.
फक्त सव्वादोनला
त्याचं ऑटो बंद करतो.

भादव्यात एकदा वरून म्हणालो, बावीस.
खाली स्टूल सरकल्याचा आवाज आला.
बावीस? नीट बघितलास का?
मग ते जिनिंगच्या अंगाला असणार,
गठाण फोडल्यासारखे, एकावर एक,
अन् ऊन सरळ त्यांच्या तोंडावर.
मला वर घे.

अठरा पायऱ्या. माझ्या खांद्यावर त्यांचा हात,
दुसरा भिंतीवरून पोपडे पाडत.
पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे राहिले,
पाठीमागं सगळे ढग.
टोपी सारखी केली. काढ, म्हणाले.

चेहऱ्याला साडेपाच लागत होतं, ढगांना बावीस.
मधे चार घरं.
फ्लॅश आणतो, मी म्हणालो.
राहू दे. ढग वाचव.
माझं तोंड काय, गावाला पाठ आहे.

मी बावीसवर दाबलं.

तोच फोटो त्यांनी पेन्शनच्या अर्जाला लावायला लावला,
ऐकेचनात.
सेतू केंद्रातल्या रेवती बिरादारनं तो उजेडाला धरला,
उलटा केला, सुलटा केला.
काका, यात माणूसच दिसत नाही.
मामूंनी टेबलावर पुढं झुकून विचारलं,
ढग दिसायलेत का?
दिसायलेत की. कडासुद्धा दिसायल्यात.
मग बरोबर आहे, म्हणाले,
आणि काठी उचलली.

परत आलो. पांढरा पडदा सोडला,
दोन्ही दिवे लावले,
हनुवटी जरा खाली, मामू, थोडं डावीकडं.
आठवर काढला. पासपोर्ट साइझ, सहा प्रती.
कान, कपाळ, वरच्या गुंडीचा तुटका दोरा,
सगळं स्वच्छ आलं.

किती,
हे त्यांनी विचारलं नाही.