या

पहिले सतरा दिवस सुटकेस जमिनीवर उघडीच.
तिच्यातून काढायचं, तिच्यातच ठेवायचं.
आठ महिन्यांसाठी
कपाटाशी कशाला ओळख वाढवा?

एक ताट, एक वाटी, मिठाची सगळ्यात लहान पुडी.
दुकानातच हसू आलं:
समुद्रातलं मीठ काढून टाकायच्या कारखान्यात नोकरी
आणि मीठ विकत.

अंतोफागास्ता. नाव जिभेवर बसायलाच आठवडा गेला.
एका हाताला पॅसिफिक, दुसऱ्या हाताला
गवताचं पातं नसलेले तपकिरी डोंगर,
मधे कसंबसं मावलेलं शहर.
आम्ही समुद्र आत ओढतो, गाळतो,
गोडं पाणी डोंगरावर तांब्याच्या खाणींना चढवतो.
त्यातले चार पंप माझे. त्यांची सील गळतात.
साताऱ्याहून मी आले ती या गळतीपायी.

पहिल्या दिवसापासून ऐकतेय: या.
नोल्बेर्तो पाना उचलत म्हणतो, या.
बसवाला दार ओढताना, या.
भाजीवाली सुटे पैसे मोजून, या, या.
त्यांच्यात त्याचा अर्थ बरं, झालं, पुरे, चला आता.
मला तो पाठ आहे.
कान ऐकत नाहीत.
कानांना वाटतं, कुणी पाट मांडून
उंबऱ्यापर्यंत न्यायला आलंय.
अख्ख्या शहराकडून इतकं अगत्य
आणि शहराला पत्ताच नाही.

नवव्या रात्री जमीन हलली.
पासपोर्ट आणि एकच चप्पल घेऊन मी जिन्यात.
खालच्या दारात घरमालकीण डोन्या एदुविहेस,
वय एकोणऐंशी, हातात कप,
चहा बशीत सांडू न देता म्हणाली, या, या पासो.
झालं, गेला तो.
मी मात्र 'या' ऐकून सरळ तिच्या घरात शिरले.

ती संध्याकाळच्या चहाला 'ओन्से' म्हणते, म्हणजे अकरा.
सात वाजता अकरा. का, विचारलं
तर पावावर अवाकाडो फासत तिने खांदे उडवले.
आमच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन.
एप्रिलात इथली घड्याळं तासभर मागे घेतली
आणि आई बसल्या जागी
तासाभराने लांब गेली.

ती फोनवर विचारते, रुळलीस का गं?
नवी चप्पल रुळते, चावून चावून.
केस खांद्यावर रुळतात, काही न करता.
माणूस यातलं कसं रुळतं?
मी म्हणते, हो. ती म्हणते, मग जेवलीस का?
माझ्या हातात असतो सकाळचा पाव.

खरं सांगायचं तर तारीख आठवत नाही.
कधीतरी कांद्यांची पाच किलोची जाळी घेतली,
स्वस्त पडते म्हणून.
कधीतरी दुसरा कप. कुणासाठी, माहीत नाही.
कोपऱ्यावरचा काळा कुत्रा
पावणेसहाच्या बसपर्यंत सोडायला येतो,
मालक नसल्यामुळे त्याला सगळेच आपले.
धुकं समुद्रावरून येतं, डोंगर पुसतं,
दहाला परत नेतं. त्याला मी आता
'आलं का' म्हणते. मराठीत.

पहाटे निघताना जिन्यातून हाक देते, येते!
जाते म्हणायची आपल्यात रीत नाही,
हे डोन्याला सांगायला माझं स्पॅनिश अपुरं.
आतून, झोपेतून, तिचं उत्तर: या.
तिच्या बाजूने ते नुसतं 'बरं'.
जिन्यात थांबून मी
माझ्या बाजूने ऐकून घेते.

चारही पंप कोरडे झाले की माझं काम संपलं,
असं करारात लिहिलंय.
परवा तिसऱ्याचं सील पुन्हा गळलं.
नोल्बेर्तोने कपाळाला हात लावला.
मी चिडले,
पण चिडायला हवं होतं तितकी नाही.