अर्थिंग

डावा इंडिकेटर दिला की वायपर हलतो,
ब्रेक दाबला की डॅशबोर्ड मिणमिणतो,
आणि स्टार्टर नुसता टक् म्हणून गप्प.
उद्या दिग्रसचा बाजार. मॅटाडोरमधी भांडी भरून तयार.

संशय पहिला डोमाजीवर.
गाडी घेतली तेव्हाच पाह्यलं होतं:
लाल वायरीला हिरवी, हिरवीला टेलिफोनची,
प्रत्येक जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, वरून सुतळी.
"दिसाले ओंगळ हाये, पन सुटनार नाई."

ब्लेडनं एक जोड सोलला. आत तांबं
कोऱ्या नाण्यासारखं.
दुसरा सोलला. तोही.
तिसऱ्याला हात लावताना लाज वाटली.

यमुना होल्डर धरून उभी. बल्बाचं एक टोक पॉझिटिव्हला,
दुसरं ती टेकवत जाते.
"बा, बॅटरीच्या निगेटिवले लागते. चासीले नाई लागत."

मग आठवलं.
पोळ्याआधी चासी मीच रंगवली, काळा ऑइलपेंट, दोन हात,
आणि अर्थिंगची पट्टी त्या रंगावरच
तेराच्या पान्यानं कसली. दात-ओठ खाऊन.
गाव म्हणालं होतं, नवीच दिसते बाप्पा.

पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासली.
लोखंड दिसलं. पट्टी परत कसली.
किल्ली फिरवली:
काळा धूर, बाभळीवरचे बगळे उडाले,
पातेल्यांत पातेली थरथरू लागली.
"वायपर?" यमुनानं विचारलं.
इंडिकेटर दिला. वायपर जागच्या जागी.

सोललेले दोन जोड तेवढे उघडे राह्यले.
टेपचं नवं बंडल खिशातच होतं.
यमुनाले म्हटलं,
जाय, सायकलची फाटकी ट्यूब आन.