दहा बाय आठ

तलश्शेरीच्या कोर्टात मला विचारलं,
बिय्यातुम्मा, तुमची गरज प्रामाणिक आहे का?

मी म्हटलं, गरज कसली हो प्रामाणिक,
गरज ती गरज. तिला कुठलं आलंय इमान.
वकील नंबियारांनी डोळे वटारले.
मग म्हटलं, हो. आहे.

लेक परतली शारजाहून. रम्लत.
दोन मुलं, एक सूटकेस,
आणि अकरा वर्षं दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे शिवलेले हात.
नवऱ्याचं विचारू नका.
कोर्टात तेही विचारलं.
मशीन कुठं ठेवणार? किती फूट लागतील?
घरातच का नाही शिवत?
मशीन स्वयंपाकघराच्या दारात आहे,
ते ओलांडून मी चहा करते,
हेही लिहून घेतलं त्यांनी.

गाळा खालीच आहे, वळणावर, दहा बाय आठ.
त्यात कणारन बसायचा. घड्याळवाला.
एका डोळ्याला भिंग, दुसरा रस्त्यावर.
आमच्या आलिक्कांनी दिलेला, तोंडी,
रम्लतला गोवर आला त्या वर्षी.
भाडं एकशे साठ. वाढव म्हटलं की म्हणे,
लोक आता वेळ फोनमध्ये बघतात, इत्ता.
खोटं नव्हतं ते.

त्याची उलटतपासणी झाली तेव्हा मी मागच्या बाकावर.
गावात दुसरा गाळा रिकामा आहे का?
नाही म्हणाला असता
तर माझं कठीण होतं.
तो थांबला. छताकडं बघत राहिला,
हातातून स्प्रिंग निसटल्यावर बघतात तसं.
मग म्हणाला, आहे. मासळीबाजाराच्या मागं.
पण तिथं खारी हवा भिंतीतून येते,
घड्याळांच्या पोटात गंज धरतो.

टाइप झालं एवढंच : आहे.
गंजाचं कुणी विचारलं नव्हतं.

नंबियार म्हणाले, जिंकलात.
मी हलव्याचा पुडा दिला त्यांना.
रस्ताभर त्याचं तूप हाताला लागलेलं.

किल्ली द्यायला तो स्वतः जिना चढून आला.
पिशवीत भिंतीवरचं घड्याळ. आमचंच.
आलिक्का गेले त्या आठवड्यात दुरुस्तीला टाकलेलं,
मी विसरले होते,
किंवा विसरायचं ठरवलं होतं.
म्हणाला, लंबक बदललाय. ऐंशी झाले.
मी शंभराची नोट दिली.
वीस सुटे शोधायला त्यानं सगळे खिसे उलटे केले
आणि राहू दे, हे माझ्या तोंडातून निघालं नाही.
त्यानं ऐकलं नसतं,
आणि त्याचं नको मला ऐकायचं नव्हतं.

आता रम्लत टेपनं भिंत मोजते.
खिळ्यांभोवती फिकट गोल, लहानमोठे, चौदा की पंधरा.
चुन्याचे दोन हात झाले,
तरी सकाळच्या उन्हात दिसतात.
उम्मा, आरसा इथं लावू? की इथं?
कुठंही लाव, मी म्हणते, तीनच झाकतील.

गिऱ्हाईक यायला लागलंय.
काल एका बाईनं येऊन विचारलं, कणारन कुठं बसतो हल्ली?
रम्लतनं बोट दाखवलं, बाजाराकडं.

मी मासे हल्ली दारावरच घेते.
महाग पडतात.
तारलीला वीस रुपये जास्त.