गोडं पाणी

जुन्या सीबीएसला रज्जाकच्या रिक्षात बसताना
ती म्हणाली होती, समुद्राकाठचं एखादं शांत गाव.
रज्जाकनं जरा विचार केला.
समुद्र घाटाखाली, म्हणाला, लांब पडेल.
पण पाणीच पाहिजे ना? मग बसा.

अशी न्यूला आमच्या ओट्याशी उतरली,
पाठीवर तिच्याएवढीच पिशवी,
आणि गंगापूर धरणाचा फुगवटा पाहून
हसतच सुटली.
रज्जाकला वाटलं, पसंत पडलं.
मलाही तसंच वाटलं.

खोली बेदाण्याची. कोपऱ्यात गुंडाळलेल्या जाळ्या,
भिंतींना अजून गंधकाचा वास.
भाडं मी चढंच सांगितलं. ती लगेच हो म्हणाली,
तेव्हा लाज वाटून दूध फुकट लावलं.

बोली एका रात्रीची.
मग आठवड्याची.
मग कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी
तिचेही दिवस पडू लागले.
न्यूला कुणाच्या जिभेवर बसेना, वस्तीनं तिची नीला केली.
तिनं ते निमूट घेतलं, ठेचा घेतला तसंच,
डोळे पुसत.

ही करते काय, हा सगळ्यांचा प्रश्न.
काही नाही करत. सकाळी उठून काठाला जाते,
पाणी जिथवर आहे तिथं एक खडा ठेवते.
दुसऱ्या दिवशी खडा कोरडा, पाणी हातभर खाली.
मग आणखी एक खडा.
तिच्या गावचा समुद्र म्हणे दिवसातून दोनदा जातो
नि दोनदा परत येतो.
मी म्हटलं, आमचा एकदा निघाला की
सात-आठ महिने फिरकत नाही.
नाशिकच्या नळांना जातो, कालव्याला, द्राक्षांना.
स्टँडवर तोंड धुतलंस ना तू,
ते यातलंच.

होळीनंतर खड्यांची रांग एवढी लांबली
की शेळ्या तिला वळसा घालायच्या.
मग मे लागला आणि पाण्याखालून सासऱ्यांचा रस्ता निघाला,
गाडीच्या दोन चाकोऱ्या, पुढे विहिरीचं कडं.
मी तिला नेऊन दाखवलं. हे आमचं जोतं.
इथं निंब होता म्हणतात, मी नाही पाहिला.
तिनं चपला काढल्या.
मी नाही काढल्या, चिखल तापला होता.
एक शिंपला उचलून तिनं जिभेला लावला,
माझ्याकडं पाहून मान हलवली.
मीठ नाही.

घरी कुणी वाट बघत नाही का गं, मी विचारलं.
तिनं अंगठा आणि बोट जवळ आणून
थोडीशी फट दाखवली.
तेवढं.

माझी ती फट कधी नव्हतीच.
दिंडोरीला माहेरी गेले तरी पाचव्या दिवशी
कुणीतरी पिशवी घेऊन दारात.
एकूणसाठ वर्षं झाली,
एका खोलीत एकटी झोपले नव्हते मी,
बाळंतपणातसुद्धा नाही.

परवा ती कसल्या कागदांसाठी मुंबईला गेली, दोन रात्री.
किल्ली माझ्याकडं.
खोली झाडून घेते, असं सुनेला सांगितलं
आणि आतून कडी लावली.
तिच्या उशाशी एक पुस्तक, अक्षरं मुंग्यांसारखी.
खिडकीत चौदा शिंपले, मी मोजले.
पंखा नुसताच घरघरत होता.
घर वीस पावलांवर,
तिथं कुकरची शिट्टी झाली, कुणी भांडं पाडलं,
नातवंडं भांडली, मग मिटलंही त्यांचं,
माझ्यावाचून.
झोप लागेना. लागावी असंही वाटेना.

पहाटे काठाला गेले. शेवटचा खडा परवाचा,
पाणी त्याला सोडून केव्हाच पुढे गेलेलं.
मी खडा शोधला नाही. नुसती उभी राहिले,
पाय भिजतील इतपत.

वरून सुनेची हाक आली, चहा झालाय.
मग दुसरी.
ती पहिली मी जाऊ दिली होती.