दोन मिळवा

डिचोलीत, बोर्ड्याला, रोहिदास कांसाराच्या दुकानावरच्या माडीत
शुक्रवारी रात्री आमचं युद्ध असतं.
खेळ मी चालवतो: राक्षस माझे, दारं माझी,
पुलाखालचं पाणी माझं.
बाकीच्यांकडे एकेक जीव, एक पेन्सिल
आणि वीस बाजूंचा फासा, जो सारखा टेबलाखाली जातो.

पुस्तकात लिहिलंय: ढाल असल्यास बचावात दोन मिळवा.
मिळवले. अकरा वर्षं मिळवत आलो.
परवा आल्दिना म्हणाली,
"दोन म्हणजे काय रे? दोन किलो? दोन वीत?"
ती अस्नोड्याहून स्कूटरने येते, फिजिओथेरपिस्ट आहे,
अर्ध्या तालुक्याचे खांदे तिला नावानिशी ठाऊक.

रोहिदास काही न बोलता खाली गेला.
जिन्यावर आधी आवाज आला, मग तो:
देवळातल्या महाप्रसादाच्या भाणाचं झाकण,
पितळेचं, कल्हईला आलेलं,
मधल्या कडीला पंचा गुंडाळलेला.
"चल अंगणात. धर."

धरलं. आल्दिनाने मोबाइलवर वेळ लावली.
पहिली वीस सेकंदं मी सेनापती होतो.
चाळिसाव्याला कोपर उतरायला लागलं,
सत्तराव्याला झाकण गुडघ्याशी
आणि गळा येणाऱ्याजाणाऱ्याला मोकळा.
मग ती केरसुणीचा दांडा घेऊन आली.
डोकं वाचवायला झाकण वर घेतलं
तर तीच दिसेना.
नुसतं पितळ, आणि त्यात
माझंच बशीएवढं तोंड.
दांडा नडगीवर बसला.

"मधोमध घेऊ नकोस," रोहिदास म्हणाला,
"मधे घेतलास की सगळा घाव हातात येतो. तिरकं धर.
हातोडी तिरकी पडून सटकली
तर माझा बाप कानाखाली द्यायचा.
इथे तेच हवंय."

तिरकं धरलं. दांडा सटकला, तिचा तोल गेला,
मी झाकणासकट पुढे घुसलो
आणि आल्दिना क्रोटनच्या कुंडीत.
हे पुस्तकात नव्हतं.
झाकण माझ्या हातून चिऱ्याच्या पायरीवर पडलं
तेव्हा शेजारच्यांनी दिवा लावला.

एक वाजेपर्यंत नियम लिहीत बसलो.
ढाल कुठे धरली ते आधी सांगायचं, फासा नंतर.
वर धरलीस तर खालचं दिसत नाही.
कुऱ्हाड रुतली तर ढाल सोडायची का?
सोड, पण पट्ट्यात हात अडकलेला असतो,
एक पाळी जाईल. (दोन? खोडलं. एक.)
मशाल कुठल्या हातात, यावर भांडण झालं, ते राहिलं.

मग आल्दिना झाकणाकडे बघत म्हणाली,
"डाव्या हातातली ढाल माझी डावी बाजू झाकते,
थोडी डावीकडच्याची उजवी.
माझी उजवी कोण झाकतं?"
कुणी बोललं नाही.
तिच्या उजवीकडची खुर्ची नेव्हिलची.
फेब्रुवारीत पोर्तुगीज पासपोर्टवर तो स्विंडनला गेला,
रात्रपाळीला गोदामात खोकी भरतो.
त्याचा शिपाई अजून नकाशावर आहे,
समईचा तुटका मोर, रोहिदासने दिलेला.
दर शुक्रवारी मी तो इतरांमागून दोन घरं सरकवतो,
फासा न टाकता,
सामानासारखा.

मी त्याला विचारलं: पुलावर तुझा मोर कुठे ठेवू?
बराच वेळ टिकटिक निळी झाली नाही.
तोवर रोहिदासने चहा केला, साखर विसरला.
मग उत्तर आलं:
"आल्दिनाच्या उजवीकडे. शिफ्ट लागते, फासा तूच टाक.
आणि खोटं सांगू नकोस काय पडलं ते."

चार पडले.
चारच कळवले.

शनिवारी शर्टाचं वरचं बटण डाव्या हाताने लागेना.
पुस्तकातले दोन मी खोडले नाहीत,
बाजूला पेन्सिलीने लिहिलं:
कुठल्या बाजूचे, ते विचारावं.